वरचं पाणी

बाळापूरच्या माणसाला पूर नवा नाही. मन आणि म्हैस (हिला महेशही म्हणतात) या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आपला किल्ला बसलेला आहे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की पाणी दोन्हीकडून त्याच्या पायाशी येतं, आणि अर्धं गाव छत्र्या घेऊन ते पाहायला जातं. मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीजवळ पाणी कुठवर आलं, पुलाला किती लागलं, रात्रीतून अजून किती चढेल, याचा अंदाज इथला शाळकरी पोरगाही बांधतो. तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, कारण मैदानातली नदी सावकाश चढते. तासाभरात हातभर चढली तरी आपण म्हणतो, लय चढली.

हीच सवय घेऊन आपण श्रावणात गाड्या काढतो आणि उत्तरेला सातपुड्याच्या धबधब्यांकडे निघतो. तिथे ही सवय घात करते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही सहा जण शहानूरच्या अलीकडे एका नाल्यात बसलो होतो. पाणी घोट्याएवढं, दगड गुळगुळीत, ऊन पडलेलं. डबे उघडले होते. काठावरून गुरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "भाऊ, निंघा आता. वरतं लय पानी सुरू हाय." आमच्यातला एक जण हसून म्हणाला, "बाबा, आभाळ तर कोरडं आहे." म्हातारा म्हणाला, "इथलं आभाय नोका पाहू. वरतलं पाहा." त्याचं वय पाहून आम्ही उठलो, खरं म्हणजे थोडं कुरकुरतच उठलो. डबे आवरून काठावर येऊन चहाचा थर्मास उघडेपर्यंत नाल्याचा रंग बदलला. आधी पालापाचोळा आला, मग चहाच्या रंगाचं पाणी, आणि त्यामागून आवाज. आम्ही बसलो होतो तो दगड दिसेनासा झाला. घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं, पण चहा गरमच होता.

पुढचं सगळं मी त्या म्हाताऱ्याच्या एका वाक्याच्या आधारानेच लिहितो आहे. धबधब्यावर गेल्यावर आपण धबधबा पाहत बसतो. पाहायचं असतं ते त्याच्या वरचं.

डोंगर असा का वागतो

अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे, चिखलदरा १११८ मीटरवर. म्हणजे वरच्या पठारावर पडलेला पाऊस आठशे मीटरहून जास्त उतरून पूर्णेच्या खोऱ्यात येतो, आणि हे अंतर तो थोडक्या किलोमीटरांत कापतो. आपल्या बाजूने पाहिलं तर सातपुडा भिंतीसारखा एकदम उठलेला दिसतो. इथे जमिनीत एक मोठी भेग आहे, भूशास्त्रज्ञ तिला गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात. तिच्या दक्षिणेला पूर्णेचं खोरं, गाळाने भरलेलं, काळ्या मातीचं, बाळापूरपासून दर्यापूरपर्यंत बऱ्याच ठिकाणी खारं पाणी देणारं. उत्तरेला उघडा काळा दगड. खारपाणपट्ट्यातली जमीन पाणी पिते, भेगा बुजवते, मग कुठे वाहू देते. डोंगरावर मातीचा थर पातळ. पाणी प्यायला तिथे फारसं काही नाही. पडलं की निघालं.

दुसरी गोष्ट पावसाची. चिखलदऱ्याला वर्षाकाठी साधारण १५०० मिलिमीटर पाऊस पडतो, अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे बाळापुरात उघडीप आणि वर धो धो, हे चित्र जुलै-ऑगस्टमध्ये नेहमीचं आहे. सकाळी गच्चीवरून आभाळ पाहून 'आज चांगला दिवस आहे' असं ठरवणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरचा स्वयंपाक आपल्या चुलीकडे पाहून ओळखण्यासारखं आहे. निघण्याच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज पाहा, पण अकोला जिल्ह्याचा पाहून थांबू नका. अमरावतीचा पाहा, आणि पलीकडच्या बैतुलचाही पाहा. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर धबधबा दुसऱ्या रविवारी पाहता येतो. उत्तर उताराचं पाणी सिपना, गडगा, खापरा अशा नद्यांनी तापीला जातं आणि दक्षिण उताराचं वान, शहानूर, चंद्रभागा यांनी पूर्णेला. आपण जातो ते बहुतेक या दुसऱ्या उतारावर.

धबधबा कसा घडतो हेही एकदा समजून घ्या, म्हणजे कुठे उभं राहायचं ते आपोआप कळतं. सातपुड्याचा हा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. एक थर टणक, त्याखालचा छिद्रांचा, भुसभुशीत. पाणी वरच्या टणक कड्यावरून पडतं आणि खालचा मऊ थर खात जातं. त्यामुळे धारेच्या मागे कपार तयार होते आणि पायथ्याशी खोल डोह. वरचा टणक कडा मग आधाराशिवाय पुढे आलेला असतो, आणि तो कधी ना कधी तुटतो. पावसाळ्यात भेगांत पाणी शिरलेलं असताना तो तुटण्याची शक्यता जास्त. फोटोसाठी लोक जिथे हमखास जाऊन उभे राहतात ती धारेमागची कपार म्हणजे हीच जागा. धारेखाली डोकं धरण्याची हौसही अशीच. वरून पाण्याबरोबर मुठीएवढा दगड आला तर तो पाण्यासारखाच दिसतो.

कधी जावं

पहिल्या पावसात जाऊ नये. जूनअखेरीला लोकांना घाई असते, पण तेव्हा धबधब्यांत जोर नसतो, दगडांवर वर्षभराची धूळ आणि नवं शेवाळ यांचा लगदा झालेला असतो, आणि घाटात दरडीची माती सैल असते. जुलैच्या मध्यानंतर धारा लागतात. ऑगस्टमध्ये चिखलदरा धुक्यात असतो. पॉइंटवर उभं राहून समोर पांढरा पडदा पाहून परतलेली कुटुंबं मी पुष्कळ पाहिली आहेत. धुकं अर्ध्या तासात उठतंही, म्हणून धीर धरावा. मला विचाराल तर पोळ्याच्या मागेपुढे, म्हणजे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, हा काळ सर्वांत चांगला. डोंगर पाण्याने भरलेला असतो, धारा संथ आणि भरीव, उघडीप मिळते, गवतावर रानफुलं असतात. ऑक्टोबरात बरेचसे धबधबे नुसत्या ओल्या रेघा होतात. मार्चमध्ये जाऊन 'इथे तर काहीच नाही' म्हणणाऱ्यांना काय सांगावं!

१५ ऑगस्ट, श्रावणातले रविवार आणि सलग सुट्ट्या टाळा. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटात त्या दिवशी गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात अर्धा दिवस जातो आणि मग उरलेल्या अर्ध्या दिवसात सगळं पाहण्याच्या घाईत चुका होतात. मधल्या वारी, बुधवारी-गुरुवारी जाणं जमत असेल तर तोच खरा आनंद. आणि मोठा पाऊस झाल्यावर एक पूर्ण दिवस जाऊ द्या.

कुठे जावं

बाळापूरकरांना सर्वांत सोयीचं म्हणजे तेल्हारा तालुक्यातलं वारी भैरवगड. वान नदी इथे डोंगरातून बाहेर पडते. वर हनुमान सागर धरण, खाली हनुमानाचं मंदिर, आणि नदीत मामा-भाच्याचा डोह. या डोहाचं नाव ऐकून लोक हसतात, पण त्यात बुडालेल्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं आपल्या वर्तमानपत्रांत येत आल्या आहेत. वरून पाणी संथ दिसतं, काठ एकदम खोल जातो, तळाला खडकांच्या कपारी आहेत. पोहता येणारेच इथे जास्त धोक्यात असतात, कारण न येणारा उतरतच नाही. वारीला दर्शन घ्या, धरण बाहेरून पाहा, नदी काठावरून पाहा. डोहात उतरू नका, अगदी गुडघाभरसुद्धा. आणि धरणाच्या खाली नदीत बसताना लक्षात ठेवा की इथे वरचं पाणी दोन प्रकारचं आहे, पावसाचं आणि दारं उघडल्यावर सुटणारं. दुसऱ्याला ढग लागत नाहीत. धरण भरत आलं असेल तर पात्रात जाऊच नये.

नरनाळा हा माझा लाडका. अकोल्याहून अकोट ४५ किलोमीटर, तिथून शहानूर, आणि मग वनखात्याच्या फाटकातून वर. पावसाळ्यात गडाच्या कड्यांवरून लहान-मोठ्या धारा सुटतात, सक्कर तलाव भरतो, महाकाली दरवाजाचं कोरीव काम पाण्याने धुऊन काळंभोर होतं. तेल्यागड, नरनाळा आणि जाफराबाद अशा तिन्ही भागांना हिंडायचं तर दिवस पुरत नाही. इथे धोका पाण्याचा कमी आणि कड्याचा जास्त. तटाच्या कडेला गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि गवताखाली तट संपलेला असतो. म्हणून पायवाट सोडू नका. नवगजी तोफेपाशी फोटो काढताना मागे-मागे सरकू नका. दगडाकडे पाठ आणि दरीकडे तोंड ठेवून उभं राहावं. हा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा आहे. पावसाळ्यात कोणता रस्ता, कोणतं फाटक उघडं आहे हे दर वर्षी आणि कधी कधी दर आठवड्याला बदलतं, म्हणून निघण्यापूर्वी अकोटच्या वन्यजीव विभागाकडे विचारूनच निघा. फाटकावर जाऊन वाद घालणाऱ्यांना वनरक्षक शांतपणे परत पाठवतो, आणि ते बरोबरच आहे.

धारगडचं वेगळं आहे. पोपटखेडच्या बाजूने आत, मेळघाटच्या जंगलात महादेवाचं स्थान, आणि वरून कोसळणारी धार. श्रावणातल्या यात्रेला आपल्याकडचे शिवभक्त तिथे हजारोंनी जातात. एरवी ते रान माणसांसाठी नाही. यात्रेला जाणार असाल तर गर्दीबरोबर राहा, ठरवून दिलेल्या वाटेने जा आणि वेळेत बाहेर पडा. वाटेतले ओढे अनवाणी ओलांडण्याचा नेम असला तरी पायात काही तरी घाला; महादेव रागावत नाही. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला जाणाऱ्या कावडधाऱ्यांना गर्दीत कसं चालायचं ते ठाऊक असतं. पण डांबरी रस्ता निराळा आणि ओला दगड निराळा.

चिखलदरा. इथे भीमकुंड पाहायचंच. भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकलं आणि कुंडात अंग धुतलं, म्हणून कीचकदरा, आणि त्याचाच चिखलदरा झाला अशी कथा आहे. धार आपण वरून पाहतो, आणि वरून पाहायच्या धबधब्याचा नियम वेगळा आहे. खाली डोहाची भीती, वर काठाची. धार जिथून सुटते त्याच्या वरच्या ओहोळात पाय बुडवायला लोक उतरतात. पाणी वीतभरच असतं, पण तळ शेवाळाचा, उताराचा, आणि घसरलं तर धरायला काही नाही. कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, यात चर्चेला जागा नाही. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्यावर मोबाईलवर चित्रण करताना एक तरुण मुलगी दरीत पडून गेली. बातमी देशभर झाली. ती मित्रमैत्रिणींबरोबर होती, दिवसाउजेडी होती. कडेपासून अंतर होतं ते एका पावलाचं.

पंचबोल पॉइंटवर हाक मारली की दरी परत हाका देते. मुलांना हे फार आवडतं. समोरच्या कड्यांवर पावसाळ्यात एकाच वेळी अनेक धारा दिसतात, आणि हे सगळं सुरक्षित अंतरावरून. म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर पंचबोल आणि देवी पॉइंट एवढंच करून गवळ्यांच्या खव्या-रबडीवर दिवस सार्थकी लावा. पाय चालणाऱ्यांनी गाविलगडावर जावं. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला; उत्तरेच्या बाजूने, जिथे चढ सोपा होता तिथून. दरीच्या बाजूने ते आले नाहीत. आपणही जाऊ नये.

मुक्तागिरी सीमेपलीकडे, बैतुल जिल्ह्यात पडते, पण परतवाड्याहून ती जवळच. ५२ जैन मंदिरं आणि त्यांच्या मधून कोसळणारा धबधबा. पायऱ्या बांधलेल्या आहेत, म्हणून घरातल्या मोठ्यांना घेऊन जाण्यासारखी हीही जागा. पायऱ्या ओल्या असतात, चप्पल काढावी लागते; उतरताना आडवं पाऊल टाकत उतरा. हे तीर्थ आहे, सहलीचं ठिकाण नंतर. मोर्शीजवळच्या सालबर्डीला माडू नदीत पावसाळ्यात जाण्याची मी शिफारस करत नाही. ती जागा हिवाळ्याची.

दरीत उतरल्यावर

आता मुख्य गोष्ट. कोणत्याही नाल्यात, दरीत, धबधब्याच्या पायथ्याशी पोचल्यावर डबे उघडण्याआधी पाच मिनिटं थांबा आणि चार गोष्टी पाहा. काठावर गवत कुठवर आडवं झोपलं आहे? झुडपांच्या फांद्यांत कुठवर काडीकचरा अडकला आहे? तिथवर परवा पाणी आलं होतं आणि आजही येऊ शकतं. त्या खुणेच्या वर बसायचं. दुसरं, परत काठावर चढायची वाट कोणती? आपण उतरलो ती वाट नाल्याच्या पलीकडून असेल, तर अलीकडेच बसा. पाणी वाढलं की माणसं अडकतात ती बहुतेक वेळा पलीकडच्या काठावर. तिसरं, पाण्याच्या कडेला एक ओळखीचा दगड ठेवा, अगदी काठाला टेकून, आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे पाहा. पुलाच्या खुणेवरून पूर ओळखण्याची जी कला आपल्याला येते, तीच इथे छोट्या मापात वापरायची. दगड बुडाला की उठायचं; का बुडाला याचा विचार वर जाऊन करायचा. चौथं, मंडळींपैकी एकाने वर बसायचं.

या चौथ्या गोष्टीवर मी अडून बसतो. पाळीपाळीने एक जण उंचावर, पाण्याच्या वरच्या बाजूला तोंड करून. त्याने मोबाईल खिशात ठेवायचा. त्याच्या हाकेला उलटा प्रश्न विचारायचा नाही, शिट्टी वाजली की सगळ्यांनी काठावर. लग्नात जसा एक माणूस वऱ्हाडाच्या पेट्यांपाशी बसवतात आणि कुणी त्याला हसत नाही, तसंच हे. आम्ही शहानूरच्या त्या दिवसापासून हे करतो. दोन वेळा खोटी शिट्टी वाजली, कुणाचं काही बिघडलं नाही.

पाणी येण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. स्वच्छ पाणी गढूळ होतं. पालापाचोळा, काटक्या, फेस वाढतो. धबधब्याचा आवाज जाड होतो, आणि कधी कधी पाण्याखाली दगड गडगडल्याचा आवाज पायांना जाणवतो. डोंगराच्या माथ्यावर काळं झालेलं असतं. यातली एकही खूण पुरे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधल्या खडकावर ते एकमेकांना घट्ट धरून उभे होते. ते चित्रण आपण सर्वांनी पाहिलं आहे. काठावर माणसं होती, ओरडत होती, मदत करायची इच्छाही होती. पण अंतर तेवढं होतं. मधल्या खडकावर जाऊन बसणं हीच मूळ चूक, बाकी सगळं नंतरचं.

नाला ओलांडायचाच असेल तर गुडघ्याच्या खाली पाणी आणि तळ दिसत असेल तरच. हातात काठी, तोंड वरच्या बाजूला, एका वेळी एक पाऊल. पिशवीचे पट्टे सैल ठेवा, पडलात तर ती टाकून देता आली पाहिजे. पाण्याच्या पलीकडे अडकलात तर तिथेच उंचावर थांबा. डोंगरातलं पाणी जसं झपाट्याने चढतं तसं बहुतेक वेळा काही तासांत उतरतंही. भूक लागेल, घरचे रागावतील. लागू दे, रागावू दे.

कुणी पाण्यात पडलं तर मागे उडी मारू नका. आपल्याकडच्या बातम्यांत एकाच्या मागे दुसरा आणि दुसऱ्याच्या मागे तिसरा हा क्रम इतक्या वेळा येतो, की एकाच घरातली दोन-तीन नावं एकत्र छापली जातात. धबधब्याखालच्या डोहात पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, असं पाणी अंग तोलून धरत नाही. चांगला पोहणाराही तिथे खाली जातो, आणि पडणारी धार त्याला फिरवून पुन्हा स्वतःखाली ओढते. बाहेरून काही तरी फेका. गाडीत एक पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन ठेवा, झाकण घट्ट लावून, मुठीला पंधरा-वीस मीटर नायलॉनची दोरी बांधून. खर्च शंभर-दोनशे रुपये. बुडणाऱ्याला हा कॅन तरंगता ठेवतो आणि आपण काठावरच राहतो. दोरी नसेल तर साडी, ओढण्या एकमेकींना बांधून. आपल्या जिल्ह्यात पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक अशा वेळी धावून जातं, फार मोठं काम करतं. पण पिंजर कुठे आणि वान कुठे! पहिली काही मिनिटं तुमचीच असतात.

सामान आणि इतर

पायात पकड असलेले बूट. बाजारातल्या रबरी चपला ओल्या दगडावर साबणासारख्या सरकतात. बाळापूरची सतरंजी घरी ठेवा, भिजली की दोन माणसांना उचलत नाही. साधं प्लॅस्टिक अंथरा. कोरडे कपडे गाडीत, बॅटरी, शिट्टी, मीठ-साखरेचं पाणी. जेवायला कळण्याची भाकर, ठेचा, कांदा. शेगावहून जात असाल तर कचोरी घ्याच, पण ती माकडांना दाखवू नका. चिखलदऱ्याची माकडं पिशवीच्या आवाजावरून खाऊ ओळखतात. उरलेलं, पत्रावळ्या, बाटल्या सगळं परत आणायचं. दारू नको. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. पाय घसरायला दगड पुरतो, तोल जायला दुसरं काही सोबत कशाला!

ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका, वर गुरं असतात. ओल्या गवतावर लोळू नका. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. हा ताप गवतातल्या अगदी बारीक किड्यांच्या चाव्याने येतो. सहलीनंतर पंधरा दिवसांत जोराचा ताप आला, अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना आपण डोंगरात जाऊन आलो हे आठवणीने सांगा. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. पाय हलू न देता सरकारी दवाखाना गाठायचा, प्रतिविष तिथे मिळतं. वीज कडाडायला लागली की पाण्यापासून, एकट्या झाडापासून आणि उघड्या पठारावरून बाजूला व्हा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते घरीच भरून घ्या, पण वर मोबाईलला रेंज असेलच असं नाही, म्हणून त्याच्यावरच विसंबू नका. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, वनखात्याला १९२६.

या डोंगरात कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सिपना नदीचं नावही त्यांच्याच भाषेतलं, सिपना म्हणजे साग. कोणत्या नाल्याला केव्हा पाणी येतं, कोणत्या डोहात भोवरा आहे, हे त्यांना जसं माहीत आहे तसं कोणत्याही नकाशाला नाही. गावात थांबा, चहा घ्या, विचारा, वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. रोवणी-निंदणीत वाकलेल्या बायांचे फोटो न विचारता काढू नका. आणि एखादा गुराखी 'निंघा' म्हणाला, तर का ते नंतर विचारा.

घरी कुठे जाणार, कोण कोण आहे, गाडीचा नंबर आणि परत रेंजमध्ये यायची वेळ एका कागदावर लिहून ठेवा. घाट उजेडात उतरायचा. कागदावर पाच लिहिले असतील, तर तीनला पाण्यापासून उठा.